कप्तानाची शेवटची अकरा पानं

कुठलंही पुस्तक हातात दिलं की भाऊ आधी त्याचं एक पान अंगठा आणि दोन बोटांमध्ये धरून चोळायचे. डोळे मिटून. मग म्हणायचे, "माल बरा आहे," आणि त्यानंतरच पुस्तकाचं नाव वाचायचे. आमच्या मराठी वाचनालयात वाचणारे कमी आणि सूचना करणारे जास्त, पण कागदाचा पोत पाहणारा हा एकच माणूस मी बावीस वर्षांत पाहिला. पहिल्यांदा मी तोंड फिरवून हसले. नंतर कळलं की रायपूरच्या पंडरी बाजारातल्या एका ठोक कापड दुकानात गादीवर बसून त्यांनी उभा जन्म थानं, म्हणजे कापडाचे तागे, उलगडण्यात आणि पुन्हा गुंडाळण्यात घालवला होता. बोटांना तीच सवय लागलेली.

तसे ते भित्रे. हे मी आपुलकीनं सांगते, कारण मी स्वतःही त्याच जातकुळीतली. रस्ता ओलांडायचा तर लांबून येणारी गाडी निघून जाऊन दिसेनाशी होईपर्यंत थांबायचे. पंख्याचं बटण लाकडी पट्टीनं दाबायचे. वाचनालयाच्या छताला एक जुनी भेग आहे, तिच्याखालची खुर्ची त्यांनी कधी घेतली नाही. आणि हे सगळं करता करता म्हणायचे, "तसं भ्यायचं काही कारण नाही." मी काही विचारलेलंही नसायचं. तुमच्याही ओळखीत असेल असा एखादा. स्वतःच्या पोटात गोळा आला की समोरच्याला धीर देत सुटतो.

मी त्यांना भाऊ म्हणायची, आणि ते वयानं बारा वर्षांनी मोठे असूनही मला ताई. घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपुरातलं, त्यामुळे बोलणं अर्धं नागपुरी, अर्धं हिंदी, आणि हो म्हणायचं तर 'हव'. वाचनालयात यायचे ते फक्त दिवाळी अंक चाळायला. म्हणून एका मंगळवारी भर दुपारी चार वाजता, दुकान सोडून, ते माझ्या टेबलापुढं येऊन उभे राहिले तेव्हा मला नवल वाटलं.

"ताई, मले आफ्रिका पाहिजे," ते म्हणाले. "सगळी नको. खालचं टोक पाहिजे."

मी म्हटलं, भाऊ, आधी बसा तरी. बसले, पाणी प्याले, आणि हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांचा एकुलता एक मुलगा मालवाहू जहाजावर लागला होता. रायपूरहून समुद्र कुठल्याही बाजूला इतका लांब की आमच्याकडची माणसं पुरीला जातात ती देवासाठी निम्मी आणि पाणी पाहण्यासाठी निम्मी. भाऊ पुरीलाही गेले नव्हते. वहिनींचा तर साफ नकार होता. गावाबाहेर उरल्याच्या लोखंड कारखान्यात लागू दे, धूळ खाऊ दे, पण संध्याकाळी घरी येऊ दे, असं त्यांचं म्हणणं. ट्रेनिंगवाल्यांना घरच्यांची संमती हवी होती, कागदावर एक सही. पोरगं आठ दिवस तोंड पाडून बसलं, आणि पंख्याच्या बटणाला भिणाऱ्या या माणसानं वहिनींना न विचारता सही करून टाकली. का केली ते त्यांना धड सांगताही येईना. "जाऊ दे पोट्ट्याले, असं माह्या तोंडातून निघून गेलं," एवढंच म्हणाले.

आता जहाज युरोपकडं निघालं होतं. जवळच्या वाटेवर गोळीबार चाललेला, म्हणून जहाजं आफ्रिकेला खालून वळसा घालून जात होती. मुलानं ते फोनवर गंमत म्हणून सांगितलं होतं, पूरा अफ्रीका घूम के जाएँगे पापा. भाऊंची झोप उडाली. घरी त्यांनी यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. वहिनींना सांगितलं होतं की जहाज किनाऱ्याकिनाऱ्यानं चाललं आहे, हात लांब केला तर झाडाला लागेल.

मी कपाटं धुंडाळली. शाळेच्या भूगोलापलीकडं काही निघेना. शेवटी मागच्या खोलीत एक जुनं भाषांतरित चरित्र सापडलं, एका पोर्तुगीज दर्यावर्द्याचं. पाचशे वर्षांपूर्वी शिडाची जहाजं घेऊन आफ्रिकेच्या त्या टोकाला वळसा घालणारा युरोपातला पहिला कप्तान हाच. नाव इतकं अवघड की भाषांतर करणाऱ्यानंच ते तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलं होतं. भाऊ त्याला सरळ 'कप्तान' म्हणायला लागले. मीही इथं तेच म्हणते.

पुस्तक घरी न्यायची सोय नव्हती, कारण मुखपृष्ठावर लाटांत तिरपं झालेलं जहाज होतं आणि ते वहिनींच्या नजरेला पडलं असतं. मग रोज चार ते साडेचार ते दुकानातून यायचे, खिडकीजवळ बसायचे आणि चार पानं वाचायचे. पाचवं पान नाही. एकदम जास्त वाचलं तर कप्तान पोराच्या पुढं निघून जाईल, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात होतं. त्यांनी तसं कधी बोलून दाखवलं नाही, पण बोट ओळीवरून इतकं सावकाश सरकायचं की मला समजायचं.

सुरुवातीची पानं त्यांना आवडली. कप्तान समुद्रावर जाण्याआधी राजाच्या कोठारांचा अधिकारी होता. "म्हणजे गोदामवाला," भाऊ खुश होऊन म्हणाले. "आपल्यातलाच निघाला." मग शिडांचं वर्णन आलं तेव्हा तर त्यांनी मला हातातलं काम बाजूला ठेवायला लावलं. एवढं शीड म्हणजे कापड किती, पन्हा किती, किती पट्ट्या जोडल्या असतील, हे सगळं त्यांनी जुन्या वर्तमानपत्राच्या कडेवर मांडून दाखवलं. मी विचारलं, वादळात ते फाटत नसेल का? ते म्हणाले, चांगलं कापड फाटत नाही, शिवण उसवते. त्यामुळे कप्तानाचा शिंपी कसा होता हे पाहायला पाहिजे. पुस्तकात शिंप्याबद्दल एक ओळ नव्हती. याचा त्यांना राग आला.

पण मुलाच्या जहाजाला शीड नव्हतं, आणि खरी धास्ती तिथंच होती. "लाकूड तरंगते, कापड वारा धरते, हे समजते मले," ते एकदा म्हणाले. "लोखंड काहून तरंगते, ताई?" उरल्याला जाता-येता त्यांनी लोखंडाचे ढीग पाहिलेले. त्या ढिगावर आपला मुलगा उभा आहे आणि खाली पाणी आहे, हे त्यांच्या गळी उतरेना. मी शाळेत शिकलेलं काहीबाही सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, तसं भ्यायचं काही कारण नाही. हातानं मात्र टेबलाची कड घट्ट धरलेली होती.

त्याच आठवड्यात रविवारी दुपारी मी ते पुस्तक घरी नेऊन शेवटपर्यंत वाचून काढलं. वाचलं नसतं तर बरं झालं असतं. पहिल्या सफरीतून कप्तान सुखरूप परत येतो. राजा त्या वादळी टोकाला चांगलं, आशेचं नाव देतो. सगळं छान. मग बरीच वर्षं जातात, आणि कप्तान दुसऱ्याच्या ताफ्यातलं एक जहाज घेऊन पुन्हा त्याच समुद्रात येतो. त्या टोकाच्या आसपास वादळ उठतं. चार जहाजं जातात. त्यातलं एक त्याचं. ना कोणी वाचलं, ना काही हाती लागलं. ज्या जागेनं त्याला मोठं केलं तिनंच त्याला गिळलं. शेवटची अकरा पानं, बस.

हा माणूस रोज चार पानं वाचत त्या अकरा पानांकडं चालला होता, आणि त्याचा पोरगा त्याच वेळी त्याच पाण्याकडं. मी पानाचा कोपरा दुमडणाऱ्याशी भर वाचनालयात भांडलेली बाई. पुस्तकावर पेनानं रेघ मारली म्हणून मी एका प्राध्यापकांचं येणं बंद केलं आहे. त्या मी सोमवारी सकाळी कुलूप उघडून, दार आतून लावून, ब्लेडनं ती अकरा पानं कापली आणि टेबलाच्या खणात तळाशी घातली. वाटलं, जसं काही माणूसच कापला. भाऊ आले तेव्हा मी तोंड वर न करता सांगून टाकलं की बांधणी जुनी आहे, शेवटची पानं गळालीत, पण कप्तान परत येतो, मी वाचलंय. ते म्हणाले, "हव." आणि पुढं वाचायला लागले.

मुलगा दर तीन-चार दिवसांनी मेसेज करायचा. जहाजावर नेट मोजून मिळायचं. आफ्रिकेचं टोक जवळ आलं आणि मेसेज थांबले. त्याच सुमारास पुस्तकात कप्तान वादळात सापडला. वाऱ्यानं जहाजं खुल्या समुद्रात लोटली, आणि तेरा दिवस कोणाला जमीन दिसली नाही. भाऊंचं बोट त्या आकड्यावर थांबलं. पान तसंच ठेवून ते माझ्याकडं आले.

"तेराच काहून?" त्यांनी हळूच विचारलं. "बारा लिहिता येत होते. चौदा येत होते."

आपल्याकडं तेरा दिवस कशाचे असतात हे तुम्हाला सांगायला नको. मी म्हटलं, भाऊ, त्या लोकांत आपल्यासारखं काही नसतं, तो नुसता आकडा आहे. त्यांनी मान हलवली. पण त्या दिवसापासून वाचनालयाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीचे बारीक ठिपके दिसायला लागले. कोण देतं ते मी विचारलं नाही. मीही सकाळी आल्या आल्या आधी ठिपके मोजायची. भीतीची लागण होते, आणि आम्ही दोघं रोज अर्धा तास एकाच खोलीत बसत होतो.

तेरा दिवसांनी उत्तरेकडं वळलेल्या कप्तानाला जमीन दिसली, उजवीकडं नाही तर डावीकडं, म्हणजे टोक न दिसताच मागं पडलं होतं. तेरावा ठिपका पडला त्या दिवशी भाऊ नवा सदरा घालून आले. फोन समोर टेबलावर ठेवला. साडेचार झाले, पाच झाले, दुकानातून बोलावणं आलं. फोन गप्प. चौदावा गेला, पंधरावा गेला. कामाला लावणाऱ्या एजंटला ते रोज फोन करायचे आणि तो रोज सांगायचा, अंकल, सिग्नल नसेल. घरी वहिनींना ते मुलाचे जुनेच मेसेज आज आल्यासारखे वाचून दाखवत होते. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की मला ओठ पाहून समजून घ्यावं लागलं.

त्या दिवसांत पुस्तकात एक जागा आली. कप्तानाला पुढं जायचं असतं, खलाशी घाबरून मागं फिरा म्हणतात. मग तो परत फिरतो, पण त्याआधी सगळ्यांच्या सह्या घेतो, की हा निर्णय आमच्या सगळ्यांचा. भाऊंनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, "हे बरं केलं त्यानं. मंग कोणी एकट्याच्या डोक्यावर नाही टाकत." आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. मी उगीच उठून वर्तमानपत्रं लावत बसले.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी फोन वाजला. भाऊंनी हात पुढं केला आणि मागं घेतला. पुन्हा पुढं केला. अनोळखी नंबर होता. "तुम्ही घ्या, ताई," एवढं कसंबसं म्हणाले. मी घेतला. पलीकडून पोरगा मजेत हिंदीत बोलत होता, दीदी, पापा हैं क्या, नेट का कार्ड खतम हो गया था, दोस्त का फ़ोन है. मी फोन त्यांच्या हातात दिला. इतक्या दिवसांत साठलेलं विचारायला केवढं होतं, पण त्यांनी विचारलं, जेवला का? मग ऐकत राहिले, आणि ऐकता ऐकता वर्तमानपत्रांच्या लाकडी घोडीला पाठ लावून खाली फरशीवर बसले. पेपर वाचणारे दोघेतिघे माना वर करून पाहायला लागले. मी त्यांना दटावलं.

दुसऱ्या दिवशी ते पेढे घेऊन आले. एक माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "आता ते पानं लावून टाका, ताई. पुस्तक खराब दिसते."

मी पेढा तोंडात धरून तशीच राहिले. तेच शांतपणे सांगायला लागले. थानाचे वरचे दहा मीटर कोणीही चांगले देतो. डाग, तुटका धागा, फिका रंग, जे काही असतं ते आत गुंडाळलेलं असतं. म्हणून पंडरीतला जाणता माणूस थान नेहमी आतल्या टोकाकडून पाहतो. पहिल्याच मंगळवारी मी चहा सांगायला बाहेर गेले होते, तेवढ्यात त्यांनी शेवटची अकरा पानं वाचून टाकली होती. मग रोज चार पानं कशाला वाचत होते? "मधलं कापड कसं निघते ते पाहून राहिलो होतो," ते म्हणाले.

मला शरमेनं मेल्यासारखं झालं. मग मला बोलला का नाहीत, मी विचारलं.

"तुम्ही माह्यासाठी भिऊन राहिल्या होत्या," ते म्हणाले. "मले बरं वाटलं. घरी मी एकटाच भीत होतो न."

मी त्यांच्यादेखत खण उघडला आणि पानं खळीनं चिकटवली. जरा वाकडीच लागली. त्यांनी कड चोळून पाहिली. नंतर कधीतरी हसत सांगितलं की मुलाला फोनवर कप्तानाची सगळी गोष्ट सांगितली आहे, पण कप्तान म्हातारा होऊन घरी खाटेवर मेला असं सांगितलं. हे कापणं तुमच्याकडूनच शिकलो, ताई, असंही वर म्हणाले.

युरोपात जहाज एका बंदरातून दुसऱ्या बंदरात फिरत राहिलं. सहा-सात महिने गेले. भाऊ आता रोज येत नसत, पण आले की मुलाचं मिसरूड, मुलानं करायला शिकलेला भात, मुलानं पाहिलेला बर्फ, असं काय काय सांगत. मला वाटलं, सुटलो. मग एके दिवशी आले आणि कापड चोळल्यासारखी नुसती बोटं एकमेकांवर चोळत उभे राहिले. जहाज परत निघालं होतं. त्याच वाटेनं. मी म्हटलं, एकदा पार केलंय न त्यानं, आता कशाची भीती? पहिल्यांदा तर कप्तानानंही पार केलं होतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, आणि दोघंही ते बोललो नाही. त्या दिवशी त्यांनी पुस्तक मागितलं नाही. तसं भ्यायचं काही कारण नाही, असंही म्हणाले नाहीत. ते ऐकू आलं नाही म्हणून मला जास्त भीती वाटली.

त्यानंतर पाचव्या दिवशी, दुपारी जेवण करून दुकानात जायला चप्पल घालता घालता, ते दारात कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. समुद्र हजार कोस लांब, आणि माणूस घराच्या उंबऱ्यात गेला. मला आजही ते सांगताना त्यांचा राग येतो. इतकी भीती त्या पोरासाठी खर्च केली, थोडी स्वतःसाठी ठेवायची होती.

वहिनींना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पुतण्यानं अग्नी दिला. माणसं पांगल्यावर त्यांनी मला आत बोलावलं आणि गादीखालून भाऊंनी लपवलेला एक शाळेचा नकाशा काढला. आफ्रिकेच्या टोकाभोवती शाईची रेघ होती. त्या म्हणाल्या, त्यांना वाटायचं मले काही माहीत नाही. ते पोराचे जुने मेसेज वाचून दाखवत होते ते वहिनींना ओळखू आलं होतं. ह्यांचं बीपी वाढू नये म्हणून त्या न समजल्याचं सोंग करत राहिल्या. एकाच घरात दोघं जण एकमेकांना लपवून भीत होते. मी तर कपाळालाच हात लावला.

"पोट्ट्याले सांगायचं नाही," त्या म्हणाल्या. "तो डेकवर असते. हात सुटला म्हणजे? जमिनीवर पाय ठेवू दे आधी." जहाज तेव्हा अजून त्या टोकाला पोचलं नव्हतं, आणि पलीकडच्या बंदराला नऊ-दहा दिवस होते. नातेवाईक कुरकुरले, मुलाला बापाच्या मरणाचं कळू नये म्हणजे काय, सुतक तरी पाळायला हवं. वहिनी हलल्या नाहीत. त्यांनी भाऊंचा फोन माझ्या हातात दिला, कारण त्यांना त्यावर लिहिता येत नव्हतं.

मग नऊ दिवस मी भाऊ झाले. मुलगा लिहायचा, पापा, लहरें बड़ी हैं आज. मी जुने मेसेज पाहून त्यांच्यासारखंच लिहायची, जेवला का. तो लिहायचा, हाँ, आप? मी लिहायची, जेवलो. तिकडं दिव्यासमोर त्यांचा फोटो, आणि इकडं त्यांच्या नावानं मी जेवत होते. तो फोन करायचा तेव्हा वहिनी बोलायच्या, आणि पापा कुठं विचारलं की सांगायच्या, पंडरीला गेले. आम्ही ते उत्तर घोकून ठेवलं होतं, आवाज कुठं चढवायचा, कुठं नाही, सगळं. फोन ठेवला की त्या तोंडात पदर कोंबायच्या. मग तीन दिवस मेसेज आला नाही. मी रात्रीचं जेवण सोडलं. भाऊंच्या वाट्याची भीती आता आम्हा दोघींच्या वाट्याला आली होती, आणि तसं भ्यायचं काही कारण नाही म्हणणारं कोणी घरात उरलं नव्हतं.

नवव्या दिवशी दुपारी फोन वाजला. दुसऱ्या दिवशी दहावा होता, घरात तयारी चाललेली. मी फोन स्पीकरवर टाकला. जोरात वारा ऐकू येत होता, आणि त्यावरून पोरगा ओरडून बोलत होता.

"पापा, निकल गए हम लोग! अफ्रीका पार हो गया! कल सुबह किनारे लगेंगे. पापा?"

वहिनींनी डोळे मिटले. मग त्यांनी फोन माझ्या हातून घेतला आणि म्हणाल्या, मी आहे. उद्या उतरल्यावर फोन कर, कुठं तरी बसून कर. एवढंच बोलल्या, अगदी सरळ आवाजात. पण तेवढ्यानंच पलीकडचं ओरडणं थांबलं. नुसता वारा ऐकू यायला लागला. शाळेत गेल्यापासून ज्या पोरानं घरात कधी मराठीत उत्तर दिलं नव्हतं, तो थोड्या वेळानं मराठीत बोलला.

"आई, बाबा कुठं आहेत?"

पंडरीला गेले. दोनच शब्द होते. वहिनींनी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं पाहिलं, आणि दोघींपैकी कोणालाही ते म्हणता आले नाहीत.

"आधी खाली बस," वहिनी म्हणाल्या. "काहीतरी घट्ट धरून बस, बाळा."

"बसलो," तो म्हणाला.

"धरलं का?"

"धरलं, आई."

मग वहिनींनी त्याला सांगितलं.